रांगेचे गणित मांडणारा एर्लांग

संध्याकाळी सातचा सुमार. जळगावातील एखाद्या मध्यमवर्गीय घराची बैठकीची खोली. थोरला मुलगा ऑनलाइन खेळात रंगून गेलेला आहे. धाकटी बहीण स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीची चित्रफीत पाहत बसली आहे. वडिलांच्या मोबाइलमधून नुकत्याच झालेल्या लग्नाची शेकडो छायाचित्रे मुकाट्याने कुठल्या तरी दूरच्या साठवणुकीत चढत आहेत, आणि त्याची वडिलांनाही कल्पना नाही. ऐन मोक्याच्या क्षणी मुलाचा खेळ थबकतो. कळ दाबली तरी पडद्यावरचा गडी जागचा हलत नाही. हलतो तेव्हा डाव संपलेला असतो. मग वादंग माजते. बहिणीने चित्रफीत बंद करावी की भावाने खेळ, यावर आईला न्यायनिवाडा करावा लागतो. शेवटी वडील अधिक वेगाची, अर्थातच अधिक पैशांची जोडणी घेतात. आठ दिवस सुखाचे जातात आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच!

या थबकण्याला खेळणाऱ्या मुलांच्या भाषेत ‘लॅग’ म्हणतात. त्याला विलंब म्हणता येईल; पण आपल्याकडचा ‘खोळंबा’ हा शब्द अधिक चपखल बसतो. विलंब अंतरामुळेही होतो, खोळंबा मात्र वाटेतल्या गर्दीमुळे होतो. जळगाव ते मुंबई हे अंतर रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आत-बाहेर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जळगावातून निघालेला संदेश मुंबईला जाऊन परत यायला, निव्वळ प्रवासाचा हिशेब केला तर, सेकंदाचे चार-पाच सहस्रांश पुरे आहेत. तारेची वळणे आणि वाटेतली यंत्रे धरली तरी ही संख्या वीस-तीसच्या घरात राहावी. मग मुलाच्या पडद्यावर ती कधीकधी तीनशेवर का जाते? उरलेला वेळ जातो कुठे? तो धावण्यात जात नाही. तो रांगेत उभे राहण्यात जातो. आणि बहुतेक वेळा ही रांग मुंबईत लागलेली नसते. ती आपल्याच घराच्या कोपऱ्यात, टेबलावर ठेवलेल्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या डबीत लागलेली असते.

या रांगेचे शास्त्र ज्याने प्रथम मांडले, त्याने संगणक पाहिलेला नव्हता. इंटरनेट हा शब्दही त्याच्या कानावर कधी पडला नाही. तो १९२९ सालीच हे जग सोडून गेला. आग्नर क्रारुप एर्लांग हे त्याचे नाव. दूरसंचाराच्या अभियंत्यांना ते रोजच्या व्यवहारातले आहे, कारण दूरध्वनीवरील वाहतुकीचे मापच त्याच्या नावाने ओळखले जाते. आपल्यासारख्या सामान्य वाचकांना मात्र तो जवळजवळ अनोळखी आहे.

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधील जटलंड प्रांतात, टार्म गावाजवळच्या लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील हान्स नील्सन एर्लांग हे गावातल्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून. आई माग्दालेन ही क्रारुप घराण्यातली. या घराण्यात धर्मोपदेशकांची परंपरा होती आणि तिच्या पूर्वजांत थॉमस फिंके हा सोळाव्या-सतराव्या शतकातला नामवंत गणिती होऊन गेला होता. थोरला भाऊ फ्रेडरिक आणि मारी व इंगेबोर्ग या दोन धाकट्या बहिणी असे हे भरले घर. आग्नरविषयी एक गमतीदार आठवण सांगितली जाते. संध्याकाळी फ्रेडरिक पुस्तक वाचत असे आणि आग्नर त्याच्या समोर बसे. पुस्तक एकच, तेव्हा धाकट्याने ते समोरच्या बाजूने, उलटेच वाचायचे! मास्तरांच्या घरातील ही काटकसर आपल्या खान्देशातल्या कितीतरी शिक्षकांच्या मुलांना ओळखीची वाटेल.

मुलाला ओढ होती ती आकाशाची. ताऱ्यांवर, ग्रहांवर तो कविता रचत असे. प्राथमिक शिक्षण वडिलांच्याच शाळेत झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठाच्या पूर्वपरीक्षेला बसला. वय कमी म्हणून त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती. परीक्षा तो विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झाला आणि गावी परतला. पुढली दोन वर्षे त्याने वडिलांच्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून काढली आणि सोबत लॅटिन व फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्याने १८९६ मध्ये दिली. घरची परिस्थिती बेताची होती. शिष्यवृत्ती मिळाली म्हणूनच पुढचे शिक्षण शक्य झाले. त्सॉयथेन आणि यूल या प्राध्यापकांच्या हाताखाली त्याला भूमितीची गोडी लागली. १९०१ मध्ये तो गणित हा मुख्य विषय आणि खगोलशास्त्र, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे उपविषय घेऊन पदवीधर झाला.

त्यानंतर सात वर्षे एर्लांगने निरनिराळ्या शाळांमधून शिकवण्याचे काम केले. स्वभाव अबोल, एकांतप्रिय. तरी शिक्षक म्हणून तो चांगला ठरला. नोकरी सांभाळून गणिताचा अभ्यास चालूच होता. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने सूक्ष्मराशींचे प्रश्न कसे सोडवले, या विषयावरील त्याच्या निबंधाचा १९०४ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाने गौरव केला. गणितप्रेमींच्या मंडळाच्या बैठकांना तो नियमाने जाई. या बैठकांतच त्याच्या आयुष्याला वळण मिळाले.

तेथे त्याची गाठ योहान येन्सन यांच्याशी पडली. हे येन्सन मोठे विलक्षण गृहस्थ होते. पोटापाण्यासाठी ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते. पण त्यांच्या नावाची असमानता आजही गणिताच्या विद्यार्थ्यांना शिकावी लागते. विद्यापीठात त्यांनी कधी नोकरी केली नाही. गणित त्यांनी फावल्या वेळात, स्वतःच्या बळावर आत्मसात केले होते. या गुणग्राहक माणसाने तरुण शिक्षकाला ओळखले आणि कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक योहान्सेन यांच्याकडे त्याची शिफारस केली. दूरध्वनी केंद्रावर ग्राहकाला किती वेळ थांबावे लागते, या प्रश्नावर योहान्सेन यांनी स्वतः १९०७ मध्ये लेखन केले होते. प्रश्नाची अडचण त्यांना ठाऊक होती. हवा होता तो गणिती. १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत दाखल झाला आणि नव्याने उभारलेल्या प्रयोगशाळेचा प्रमुख बनला. वय वर्षे ३०.

अडचण होती तरी कोणती? आजच्या तरुणांना ती सांगण्यासाठी आपल्याकडच्या ट्रंक कॉलच्या दिवसांत शिरावे लागेल. धुळ्याच्या व्यापाऱ्याला मुंबईच्या पेढीशी बोलायचे असे, तेव्हा आधी टेलिफोन एक्स्चेंजला फोन करून कॉल नोंदवावा लागे. मग बसायचे वाट पाहत. साधा कॉल, त्याहून महाग अर्जंट कॉल आणि सर्वांत महाग लाइटनिंग कॉल अशा प्रतवाऱ्या होत्या. लाइटनिंग कॉल नोंदवणारा रांगेत सर्वांच्या पुढे जाई आणि साधा कॉल नोंदवणारा ताटकळत राही. घरात कुणी आजारी आहे आणि फोन लागत नाही, कापसाचा भाव पडतो आहे आणि मुंबईची लाइन मिळत नाही, असे प्रसंग जुन्या पिढीतील अनेकांनी सोसले आहेत. दोन शहरांना जोडणाऱ्या तारा मोजक्या आणि बोलू इच्छिणारे अनेक, हे त्यामागचे कारण. भारतात १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान थेट दूर अंतराचे डायलिंग प्रथम सुरू झाले आणि मग हळूहळू ही प्रतीक्षा सरत गेली.

एर्लांगच्या काळी कोपनहेगनमध्ये हाच पेच होता. तारा कमी घातल्या तर ग्राहक खोळंबतो. जास्त घातल्या तर तांब्यात ओतलेला पैसा निम्मा दिवस झोपून राहतो. मग तारा नेमक्या किती घालाव्यात? तोपर्यंतचे उत्तर अनुभवाने आणि अंदाजाने दिले जात होते. एर्लांगला हा अंदाज मान्य नव्हता.

दूरध्वनीवरील संभाषणे आणि संभाव्यता यांविषयीचा त्याचा पहिला महत्त्वाचा निबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला मूळ विचार साधा आहे. शहरातल्या हजारो ग्राहकांपैकी कोण कोणत्या क्षणी फोन उचलील हे सांगता येत नाही. प्रत्येक जण स्वतंत्र, आपल्या मर्जीचा मालक. परंतु या सर्वांच्या मर्जीतून मिळून जी गर्दी तयार होते, ती मात्र नियमाने बांधलेली असते. फ्रेंच गणिती प्वासाँ याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणाचा नियम फोनच्या कॉलना लागू पडतो, हे एर्लांगने दाखवले. गर्दी व्हायला कुणी ठरवून एकत्र यावे लागत नाही. निव्वळ योगायोगानेही माणसे एकाच मिनिटाला गोळा होतात आणि पुढची पाच मिनिटे कुणीच फिरकत नाही. रांग लागते ती या उंचसखलपणामुळे. पाहुणे समान अंतराने आले असते तर यजमानाला कधीच धावपळ झाली नसती!

हा गणिती खोलीत बसून केवळ आकडे मांडणारा नव्हता. प्रयोगशाळेत सुरुवातीला हाताशी माणसे नव्हती. जमिनीखालून गेलेल्या केबलमधील भटक्या विद्युतप्रवाहांची मोजमापे त्याला स्वतःच घ्यावी लागत. कोपनहेगनच्या रस्त्यांवरून पुढे एर्लांग आणि मागे खांद्यावर शिडी घेतलेला कामगार, अशी जोडी लोकांच्या पाहण्यात होती. शिडी लावून तो रस्त्यातल्या भुयारी खड्ड्यांत उतरे आणि मोजमाप घेऊन वर येई. प्रत्यावर्ती प्रवाह मोजण्याचे एक उपकरणही त्याने तयार केले. गणिताची कोष्टके अधिक सुटसुटीत व्हावीत म्हणून त्याने लॉगॅरिथमच्या तक्त्यांवर काम केले. आधी मोजा, मग बोला, ही त्याची रीत होती.

त्याचे सर्वांत गाजलेले काम १९१७ मध्ये आले. स्वयंचलित दूरध्वनी केंद्रांच्या संदर्भात संभाव्यतेचे काही प्रश्न त्याने सोडवले आणि दोन सूत्रे दिली. एक सूत्र नकाराचे आणि दुसरे प्रतीक्षेचे. सर्व तारा गुंतलेल्या असताना नवा कॉल आला, तर त्याचे दोनच प्रकारे करता येते. त्याला परत पाठवायचे किंवा थांबवून ठेवायचे. परत पाठवायचे ठरवले तर शंभरातले किती जण विन्मुख जातील, हे पहिले सूत्र सांगते. थांबवायचे ठरवले तर किती जणांना किती काळ थांबावे लागेल, हे दुसरे सूत्र सांगते.

पहिल्या सूत्राची करामत एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका गावातून ऐन गर्दीच्या तासाला २०० माणसे बाहेरगावी फोन करतात आणि प्रत्येक जण सरासरी ३ मिनिटे बोलतो. एकूण ६०० मिनिटे, म्हणजे १० तासांचे बोलणे झाले. ते एका तासात बसवायचे तर १० तारा पुरेत, असे कोणालाही वाटेल. त्रैराशिक तसेच सांगते. पण एर्लांगचे सूत्र सांगते की १० तारा ठेवल्या तर शंभरातले जवळपास २१ जण नकार घेऊन परततील. कारण २०० माणसे शिस्तीने एकामागून एक येत नाहीत. १५ तारा ठेवल्या तर नकाराचे प्रमाण शंभरी ४ च्या आत येते. २० ठेवल्या तर हजारात फक्त २ जण परत जातात. ही २० तारांची एकच मोळी न ठेवता दहा-दहाच्या दोन वेगळ्या मोळ्या केल्या आणि ग्राहकही निम्मे-निम्मे वाटले, तर काय होईल? तारा तितक्याच आणि माणसेही तितकीच. पण नकार हजारात २ वरून जवळपास १८ वर जातो! एका मोळीत तार मोकळी असते आणि शेजारच्या मोळीत माणूस ताटकळतो. एकत्र साधनांचे बळ हे असे आकड्यात मांडता येते.

दुसरे सूत्र समजायला खान्देशच्या माणसाला परदेशी जायची गरज नाही. मुंबईहून येणारा लोहमार्ग आणि सुरतहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग जळगावला एकत्र येतात. तेथून भुसावळपर्यंतच्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यावर दोन्हीकडच्या गाड्यांचा भार पडतो. या छोट्याशा पट्ट्यासाठी तिसरी आणि चौथी मार्गिका टाकण्याची वेळ का आली, हे सिग्नलपाशी उभ्या राहिलेल्या गाडीतल्या प्रवाशाला विचारावे. मार्ग निम्मा भरलेला असतो तेव्हा गाड्या खुशाल धावतात. तो जवळजवळ पूर्ण भरला, की एका गाडीचा उशीर पुढच्या दहा गाड्यांना भोवतो.

हे बिघडणे हळूहळू होत नाही, हीच यातली मेख आहे. एकच खिडकी आणि स्वैरपणे येणारी माणसे, असे सर्वांत साधे चित्र घेऊ. एका माणसाचे काम व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ म्हणजे एक माप. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर सरासरी प्रतीक्षा एक माप. शंभरातला ८० भाग गुंतलेली असेल तर चार मापे. ९० झाले की नऊ मापे आणि ९५ झाले की तब्बल एकोणीस! म्हणजे भार ९० वरून ९५ वर गेला, एवढ्याशा वाढीने प्रतीक्षा दुपटीहून जास्त झाली. कापसाच्या हंगामात खरेदी केंद्राबाहेर लागलेली ट्रॅक्टरांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे कोष्टक वेगळे समजावून सांगायला नको.

एर्लांगचे निबंध लहान असत. पुष्कळदा सिद्धतेच्या पायऱ्याही तो गाळून टाकी, त्यामुळे वाचणाऱ्याची दमछाक होई. तरीही त्यांची कीर्ती पसरली. भाषांतरे झाली. ब्रिटनच्या टपाल खात्याने आपल्या दूरध्वनी केंद्रांसाठी त्याची सूत्रे स्वीकारली. अमेरिकेतील बेल कंपनीच्या एका संशोधकाने तर एर्लांगचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकून घेतली, असे सांगतात. युरोपच्या एका कोपऱ्यातल्या, मोजक्या लोकांच्या भाषेत लिहिणाऱ्या लेखकाला याहून मोठा मान कोणता?

माणूस म्हणून एर्लांग शेवटपर्यंत साधा राहिला. त्याने लग्न केले नाही. गणित, खगोलशास्त्र आणि पदार्थविज्ञान या विषयांवरील पुस्तकांचा मोठा संग्रह त्याने जमवला होता. उन्हाळ्याच्या सुटीत तो परदेशी जाई आणि तेथील ग्रंथालये, चित्रदालने पाहत हिंडे. मदतीसाठी दाराशी आलेल्या गरजूंना तो सहसा रिकाम्या हाताने पाठवत नसे. द्यायचे ते गाजावाजा न करता देई. ग्राहक विन्मुख परतू नये याचे सूत्र मांडणारा हा माणूस स्वतःच्या दारातही तोच नियम पाळत होता, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. जवळपास २० वर्षे त्याने एकाच कंपनीची चाकरी केली आणि या काळात आजारपणाची रजा म्हणून घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी तो रुग्णालयात गेला. काही दिवसांतच, ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, रविवारी त्याचे निधन झाले. वय अवघे ५१ वर्षांचे होते.

मृत्यूनंतर त्याचे नाव विरले नाही, उलट वाढत गेले. दूरध्वनीच्या वाहतुकीच्या मापाला ‘एर्लांग’ हे नाव १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. एक तार तासभर अखंड गुंतलेली राहिली, की एक एर्लांग वाहतूक झाली. आपल्या उदाहरणातल्या गावाची वाहतूक १० एर्लांग. १९४८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीने त्याचे चरित्र आणि समग्र निबंध एकत्र प्रसिद्ध केले. पुढे साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत लेनर्ड क्लाइनरॉक या तरुण संशोधकाने रांगांच्या याच शास्त्राचा उपयोग करून संदेशांच्या जाळ्याचा अभ्यास केला. इंटरनेटची जननी समजल्या जाणाऱ्या अर्पानेटवरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याच क्लाइनरॉकच्या प्रयोगशाळेतून निघाला. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत ऐंशीच्या दशकात तयार झालेल्या एका संगणकीय भाषेला एर्लांगचे नाव देण्यात आले. व्हॉट्सअ‍ॅपची यंत्रणा याच भाषेत उभारली गेली. म्हणजे रोज सकाळी आपण जे सुप्रभात धाडतो, त्याच्या वाटेवरही हे गृहस्थ उभे आहेतच!

आता पुन्हा जळगावच्या त्या घरात येऊ. राउटर म्हणजे घरातले छोटे एक्स्चेंज. मुलाचा खेळ, मुलीची चित्रफीत आणि वडिलांची छायाचित्रे यांचे तुकडे त्याच्या दाराशी येतात आणि एकाच तारेतून बाहेर पडतात. दार भरले, की तुकडे परत पाठवायचे की थांबवायचे, हा एर्लांगचाच प्रश्न राउटरपुढे उभा राहतो. संगणकीय स्मृती स्वस्त होत गेली तशी यंत्रे बनवणाऱ्यांनी प्रतीक्षालये मोठी करत नेली. एकही तुकडा वाया जाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र उलटा झाला. वडिलांच्या छायाचित्रांनी प्रतीक्षालय गच्च भरले आणि खेळातला इवलासा तुकडा त्यांच्या मागे रांगेत उभा राहिला. खेळाला फारशी जागा लागतच नाही. त्याला हवा असतो वेळेवर प्रवेश. २०१० च्या सुमारास अमेरिकी अभियंता जिम गेटिस यांनी या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ नावाचा उपाय सुचवला. तुकडा किती वेळ रांगेत थांबला हे पाहायचे, आणि प्रतीक्षा लांबू लागली तर काही तुकडे मुद्दाम टाकून द्यायचे. तुकडा हरवला की पाठवणारे यंत्र इशारा समजते आणि आपला वेग कमी करते. वेळीच दिलेला नकार हा न संपणाऱ्या प्रतीक्षेपेक्षा बरा, हे त्यामागचे तत्त्व.

घरातल्या घरात करण्यासारखे उपायही याच विचारातून निघतात. पहिली पायरी एर्लांगचीच, मोजण्याची. घरात दुसरे काही चालू नसताना प्रतिसादाचा वेळ, म्हणजे ‘पिंग’ मोजावा. मग एखादी मोठी फाइल चढवत असताना पुन्हा मोजावा. पहिला आकडा वीस-तीस आणि दुसरा दोनशे-तीनशे आला, तर रांग घरातच आहे असे समजावे. पहिलाच आकडा मोठा असेल तर दोष अंतराचा, बिनतारी जोडणीचा किंवा बाहेरच्या जाळ्याचा असू शकतो. अशा वेळी तार लावून पुन्हा मोजावे आणि खेळात जवळचा सर्व्हर निवडावा. रांग घरातली असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘क्यूओएस’ अशा नावाची सोय आहे का, ते पाहावे. ती चालू करून उतरण्याची आणि चढण्याची कमाल मर्यादा मोजलेल्या वेगाच्या शंभरी ८५ ते ९० इतकी ठेवावी. विकत घेतलेल्या वेगातला दहावा हिस्सा आपणच सोडून द्यायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्यामुळे रांग बाहेरच्या आंधळ्या यंत्रात न लागता आपल्या शहाण्या राउटरमध्ये लागते, आणि तो लहान तुकड्यांना वाट करून देतो. ९५ आणि ८० मधला फरक आपण वर पाहिलाच आहे.

ज्या राउटरमध्ये ही सोय नाही, तेथेही हात टेकण्याचे कारण नाही. छायाचित्रे चढवण्याचे काम रात्री सर्व निजल्यावर होईल अशी व्यवस्था करावी. खेळाचे यंत्र शक्य तर तारेने जोडावे. वायफायच हवे असेल आणि राउटर जवळ असेल, तर कमी गर्दीचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. कारण हवेतल्या लहरींवरही शेजाऱ्यापाजाऱ्यांची रांग असतेच. एवढे करून पाहिल्यावरच महागड्या जोडणीचा विचार करावा. रुंद रस्ता घेतला आणि वाहने तशीच आडवी उभी राहिली, तर टोल भरल्याचे समाधान तेवढे मिळायचे.

खान्देशच्या मातीला गणित परके नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ स्थापल्याची नोंद त्यात आढळते. डोंगराच्या पायथ्याशी आकड्यांसाठी मठ उभारणाऱ्या या भूमीत एका डॅनिश शाळामास्तराच्या मुलाचे गणित समजून घेणे अवघड जाऊ नये.

एर्लांगच्या पूर्वीही माणसे रांगेत उभी राहत होती. पण रांग ही नशिबाची गोष्ट मानली जात होती. ज्याच्यापाशी पैसा तो लाइटनिंग कॉल करी, ज्याच्यापाशी नाही तो वाट पाही. रांग मोजता येते, तिचे कारण शोधता येते आणि आहे त्याच साधनांत ती आखूड करता येते, हे एर्लांगने दाखवले. धुळ्याला जाण्यासाठी चाळीसगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यापासून रुग्णालयाच्या दाराशी चिठ्ठी घेऊन बसलेल्यापर्यंत, हा दिलासा सर्वांसाठी आहे. जळगावच्या त्या घरात तर एवढेच घडायचे आहे. वडिलांनी छायाचित्रांची वेळ बदलायची, मुलाने राउटरची मर्यादा आखायची आणि आईने न्यायनिवाड्यातून मोकळे व्हायचे. मग बहिणीची शिकवणीही चालेल आणि भावाचा डावही रंगेल. कुणालाच उठून जावे लागणार नाही.